व्हर्जिनियाचा मोठा सीझन कुठला? नाक कापलेला २०१८चा की कप आणलेला २०१९चा?

रिवानाकाठचा

क्रिकेटच्या धाग्यांच्या गर्दीत कॉलेज बास्केटबॉलचा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी दहा-बारा वर्षं शार्लट्सव्हिलला राहतो. युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनियाचं गाव. इथे न्हाव्याकडे गेलं तरी आधी संघाची चौकशी होते, मग केस किती कापायचे ते. काल जेवणाच्या सुट्टीत मी सहज म्हणालो की आपला सगळ्यात भारी सीझन २०१७-१८चा. टेबलावरच्या लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जसं काही मी श्रीखंडात फोडणी घातली.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. त्या वर्षी सीझन सुरू व्हायच्या आधी आमच्या एसीसी कॉन्फरन्समध्ये (कॉन्फरन्स म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) जाणकारांनी आम्हाला सहावा नंबर दिला होता. ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना असले दादा लोक त्यात आहेत. तिथे आम्ही १८पैकी १७ सामने जिंकले. ड्यूकला त्यांच्या घरात जाऊन हरवलं, ते १९९५नंतर पहिल्यांदाच. मग एसीसीची स्पर्धाही मारली. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेला ३१-२ अशा थाटात आणि ६८ संघांत अव्वल मानांकन घेऊन गेलो. पहिली गाठ सोळाव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या मानांकनाच्या यूएमबीसीशी, बाल्टिमोरच्या एका कॉलेजशी. तोवर पुरुषांच्या स्पर्धेत एक नंबर विरुद्ध सोळा नंबर असे १३५ सामने झाले होते आणि १३५ही एक नंबरने जिंकले होते. १३६वा आमचा. ७४-५४ने हरलो.

तारीख १६ मार्च २०१८, शुक्रवारची रात्र. रविवारी पाडवा होता, बायकोने स्वयंपाकघरात चक्का टांगला होता. मध्यंतराला २१-२१. म्हटलं होतं असं कधी कधी. पुढच्या अर्ध्या तासात जे काही झालं ते बघवेना, म्हणून शेवटची पाच मिनिटं टीव्हीचा आवाज बंद केला. मग आत पातेल्यात पाणी पडताना ऐकू यायला लागलं. टप. टप.

पुढच्याच वर्षी हाच संघ राष्ट्रीय विजेता झाला, ३५-३. सगळे त्याचेच गोडवे गातात. माझं म्हणणं एवढंच, की त्या वर्षी आम्ही लागोपाठ तीन सामन्यांत शेवटच्या काही सेकंदांत हरता हरता वाचलो. ते नशीब. पाच महिन्यांची मेहनत एका रात्रीच्या चाळीस मिनिटांवरून का मोजायची? बोला.

सोलापुरी_शेंगाचटणी

सोळाव्या नंबरवाल्याकडून २० पॉइंटनी हरलेला सीझन सगळ्यात मोठा? मग माझी बारावीसुद्धा मोठीच होती म्हणायची. प्रिलिमपर्यंत वर्गात पहिला होतो.

शंकेखोर

बेसिक प्रश्न. एनबीए असताना लोक कॉलेजच्या पोरांचे सामने का बघतात? आपल्याकडे विद्यापीठाच्या क्रिकेट सामन्याला खेळाडूंचे आईबापही येत नाहीत.

बाल्टिमोरची_बाय

हजर! मी यूएमबीसीची. २००९ ते ११ तिथे मास्टर्स केलं. या धाग्यावर मला मानाचं पान हवं.

लोकांना वाटतं आम्ही त्या रात्री आभाळातून पडलो. जरा आमचाही सीझन ऐका. त्याच जानेवारीत आम्ही ऑल्बनीकडून ८३-३९ असा मार खाल्ला होता. हो, ४४ पॉइंटनी. आमच्या छोट्या कॉन्फरन्समधला दादा म्हणजे व्हर्मॉन्ट, त्यांच्याकडून लागोपाठ २३ वेळा हरलो होतो. राष्ट्रीय स्पर्धेत शिरायचं तर फायनलला त्यांनाच हरवायला हवं, तेही त्यांच्या गावी. जायरस लाइल्सने अगदी शेवटच्या क्षणाला थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचा शॉट टाकला, ६५-६२. म्हणून आम्ही तिथे होतो. व्हर्जिनियाविरुद्ध त्याच लाइल्सने २८ काढले.

आमचं कॉलेज ओळखलं जायचं बुद्धिबळासाठी. कॅम्पसवर आमच्या रिट्रिव्हर कुत्र्याचा पुतळा आहे, ट्रू ग्रिट नावाचा. परीक्षेला जाताना त्याचं नाक चोळून जायचं. हजारो हातांनी नाक पिवळं चकचकीत झालंय, देवळाच्या उंबऱ्यासारखं. मी अल्गोरिदमच्या पेपरला चोळलं होतं, बी मिळाला. लाइल्सने बहुतेक जास्त जोर लावून चोळलं असावं.

आता रिवानादादा, तुमच्या आकड्यांतला एक आकडा तुम्ही गिळलात. व्हर्जिनिया त्या वर्षी प्रतिस्पर्ध्याला सरासरी ५४च्या आसपासच पॉइंट देत होती, देशात सगळ्यात कमी. आम्ही दुसऱ्या अर्ध्यातच ५३ केले. एका रात्रीचं नशीब असतं तर दोन-चार पॉइंटनी जिंकलो असतो. वीस नाही.

रिवानाकाठचा

बाय, मानाचं पान दिलं. पण हंटर त्या रात्री नव्हता हे तुम्हीही गिळलंत. आमच्या डिआंड्रे हंटरचं डावं मनगट एसीसीच्या स्पर्धेत मोडलं होतं.

बाल्टिमोरची_बाय

एक माणूस नव्हता म्हणून २० पॉइंट? तेही सुरुवातीच्या पाचात नसलेला, राखीव म्हणून उतरणारा?

सोलापुरी_शेंगाचटणी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नागपूरकाका

शंकेखोर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. अमेरिकेतल्या पुष्कळ गावांत एनबीएचा संघ नाही, कॉलेज मात्र असतं. आणि ही स्पर्धा बाद पद्धतीची. हरला की घरी. सात सामन्यांची मालिका वगैरे लाड नाहीत. आपल्या गावाकडच्या कबड्डीच्या स्पर्धेसारखं, पहाटे तीनला फायनल चालू आणि अर्धं गाव मैदानाच्या कडेला. तसलं वेड.

आता खेळाचं. मी सत्तरच्या दशकात नागपुरात सिमेंटच्या कोर्टवर खेळलोय, गुडघे अजून साक्ष देतात. व्हर्जिनियाचे कोच टोनी बेनेट जो बचाव खेळवत तो त्यांच्या वडिलांचा, डिक बेनेट यांचा. पॅक लाइन म्हणतात. ज्याच्याकडे बॉल आहे त्याच्या अंगावर एक जण जातो, बाकीचे चौघं थ्रीच्या रेषेच्या आत एका काल्पनिक रेषेमागे दाटीने उभे. आत शिरायला फटच नाही. वाड्याला दिंडी दरवाजा एकच आणि तिथे चार भालदार, असा प्रकार. मग समोरचा काय करणार? बाहेरून मारणार. रोज कोणाचे बाहेरून पडत नाहीत म्हणून ३१ सामने जिंकलात. ज्या दिवशी पडतात त्या दिवशी वाडा लुटला जातो. यूएमबीसीने त्या रात्री १२ थ्री टाकले.

आमच्या वेळी थ्री नव्हताच. कुठूनही टाका, दोनच. त्यामुळे असला बचाव आम्हाला अमृत वाटला असता.

देशपांडे_डेटावाली

काकांच्या मुद्द्याला गणिताचं ठिगळ लावते.

व्हर्जिनिया देशातल्या सगळ्यात संथ संघांत होती. ३० सेकंदांचं घड्याळ जवळजवळ संपवूनच बॉल टाकायचा. एका सामन्यात दोन्ही बाजूंना साठेकच संधी मिळतात, बाकीचे संघ सत्तरच्या आसपास खेळतात. नाणं दहा वेळा उडवलं तर सात छापे सहज येतात, शंभर वेळा उडवलं तर सत्तर येत नाहीत. सामना जितका छोटा कराल तितकी दुबळ्याला संधी जास्त. म्हणजे बलाढ्य संघाने संथ खेळणं हे स्वतःच्या पायावर हळूहळू धोंडा पाडून घेणं आहे.

पण म्हणून ती हार नुसतं नशीब ठरत नाही. तो धोका त्यांनीच पाच महिने रोज पत्करलेला होता. रिवाना, तुमच्या ३१ विजयांचं श्रेय त्या पद्धतीला देता, तर त्या एका रात्रीचं बिलही तिच्याच नावावर फाडा.

तळटीपकर

नोंद असावी म्हणून लिहितो: सोळाने एकला हरवण्याचा पहिला मान यूएमबीसीचा नाही. महिलांच्या स्पर्धेत हार्वर्डने १९९८ सालीच स्टॅनफर्डला ७१-६७ हरवलं होतं, आणि तेही स्टॅनफर्डच्या घरी. स्टॅनफर्डच्या दोन मुख्य खेळाडू जखमी होत्या हे खरं. पण वीस वर्षांनी जगाने 'इतिहासात प्रथमच' म्हणून ढोल बडवले तेव्हा त्या हार्वर्डच्या मुलींना काय वाटलं असेल?

मिनीमावशी

तळटीपकरांना +१. पुरुषांनी केलं की इतिहास, बायकांनी केलं की तळटीप.

(तुमच्या आयडीवर घसरायचं नव्हतं हो, आपोआप झालं.)

ब्लॅक्सबर्गचे_आबा

मी ८२ साली ब्लॅक्सबर्गला, म्हणजे व्हर्जिनिया टेकला शिकत होतो, शार्लट्सव्हिलवाल्यांच्या कट्टर शेजाऱ्यांकडे. तेव्हा त्यांच्याकडे राल्फ सॅम्पसन होता. सात फूट चार इंच. देशात पहिला नंबर. नाताळच्या आदल्या दिवसांत हे लोक होनोलुलूला चॅमिनेड नावाच्या चिमुकल्या कॉलेजशी खेळायला गेले आणि ७७-७२ हरले. हवाईतला सामना, आमच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. सकाळच्या पेपरात निकालच नाही. माझा रूममेट कुठूनतरी ऐकून आला, तर आम्ही त्याला वेड्यात काढलं. नाव नीट ऐकू आलं नाही, मला वाटलं शॅम्पेनबद्दल बोलतोय.

तर इतिहासातल्या दोन सगळ्यात अजब हारी, ३५ वर्षांच्या अंतराने, एकाच कॉलेजच्या नावावर. आणि रिवाना, तुमच्या त्या ३१-२ मधली एक हार आमच्या टेकने दिलेली आहे. तुमच्याच अंगणात, जादा वेळेत, ६१-६०. लिहायला विसरलात वाटतं.

रिवानाकाठचा

आबा, विसरलो नव्हतो. आवरतं घेतलं होतं.

पॉइंटगार्ड_डेक्कन

सगळे हारीवरच बोलताय, जिंकलेल्या वर्षाचं कोणी बोलणार की नाही? मी पुण्यात दुसरीच्या पोरींना ड्रिब्लिंग शिकवते आणि त्यांना एक क्लिप वर्षातून दहा वेळा तरी दाखवते. ३० मार्च २०१९, लुइव्हिल, पर्ड्यूविरुद्ध.

पर्ड्यूच्या कार्सन एडवर्ड्सने ४२ पॉइंट केलेत, दहा थ्री. व्हर्जिनिया तीनने मागे, ५.९ सेकंद बाकी, टाय जेरोम फ्री थ्रोला. पहिला आत. दुसरा रिंगवर. ममाडी डियाकिटे उडी मारतो, बॉल हातात येत नाही म्हणून नुसता मागे ढकलतो आणि तो थेट अर्ध्या कोर्टाच्या पलीकडे घरंगळत जातो. आता धावतोय कोण, तर किहाय क्लार्क. पाच फूट नऊ इंच, पहिल्या वर्षाचा पोरगा. बाकी सगळे त्याच्यापेक्षा वीतभर उंच. बॉल मिळाला तेव्हा तो स्वतःच्या बास्केटच्या बाजूला आहे. पुढे जेरोम आणि काइल गाय दोघं हात हलवून मागतायत. माझ्यासारखीने जवळच्या हाताकडे टाकला असता. हा सरळ चाळीस फूट लांब डियाकिटेच्या छातीवर टाकतो. डियाकिटे धरतो आणि त्याच हालचालीत सोडतो. बॉल हवेत असताना वेळ संपल्याचा दिवा लागतो. ७०-७०. जादा वेळेत ८०-७५.

मुलींना मी सांगते, शॉट बघू नका, क्लार्कची मान बघा. बॉल हातात यायच्या आधी त्याची मान वर झालेली आहे. रिवानादादा याला नशीब म्हणत असतील तर म्हणोत. बॉल मागे उडाला ते नशीब. मान वर होती ते नाही.

वेस्ट_लाफायेटवाला

ताई, ती क्लिप दाखवताना आमच्या भावनांचाही विचार करत जा. मी पर्ड्यूचा. ४२ पॉइंट करूनही माणूस हरतो यावर माझा त्या रात्री विश्वास बसेना. हॉस्टेलच्या किचनमध्ये आम्ही चौघं मराठी पोरं, मॅगीचं पातेलं गॅसवर, पाणी आटून मॅगी बुडाला लागली आणि कोणालाही वास आला नाही.

आमचं दुर्दैव तिथेच संपलं नाही. २०२३ला आम्ही एक नंबर, समोर सोळा नंबरची फेअरली डिकिन्सन. ६३-५८. हरलो. मग पुढच्या वर्षी आम्हीही फायनलपर्यंत गेलो. सगळे म्हणत होते बघा, व्हर्जिनियाचीच गोष्ट परत. फायनलला यूकॉनने ७५-६०ने आपटलं.

देशपांडे_डेटावाली

'आधी अपमान, मग कप' हा काही नियम नाही हे यावरून दिसतंच. एकाला जमलं, एकाला फायनलला जाऊनही नाही.

कॉफी_आणि_क्रिकेट

हे सगळं वाचून मला आपली २००७ आठवते. १७ मार्च, पोर्ट ऑफ स्पेन, बांगलादेश. धोनी शून्यावर. पहिल्याच फेरीत घरी. आणि २ एप्रिल २०११ला वानखेडेवर त्याच धोनीचा षटकार. मार्च महिना वाईट, एप्रिल चांगला, हे फक्त इन्कम टॅक्सवाल्यांना लागू नाही.

सोलापुरी_शेंगाचटणी

@कॉफी, शेवटी क्रिकेट आणलंतच. ३० प्रतिसाद तरी दम धरायचा होता.

ऑबर्नकर

रुमाल टाकून गेलो होतो, आता सविस्तर लिहितो कारण सात वर्षांत राग गेलेला नाही.

६ एप्रिल २०१९, मिनियापोलिस, सेमीफायनल. आमची ऑबर्न. आमचा सगळ्यात मोठा खेळाडू चुमा ओकेके आठवड्यापूर्वी गुडघा मोडून बसलेला, तरी आम्ही दहाने मागे पडून चारने पुढे आलो होतो. काइल गायने थ्री टाकून अंतर एकवर आणलं, आम्ही एक फ्री थ्रो घेतला, ६२-६०. सात-एक सेकंद बाकी. जेरोम बॉल घेऊन निघाला, पाठीमागून ड्रिबल करताना बॉल पायाला लागून मागे गेला. त्याने दोन्ही हातांनी उचलला. आणि पुन्हा टप्पा मारला! डबल ड्रिबल. शाळेच्या मैदानावर दहा वर्षांचं पोरगं ओरडेल. तीन पंच, एकही शिट्टी नाही.

मग दीड सेकंद राहिला, बॉल आत आला, गायने कोपऱ्यातून थ्री टाकला, आणि आता मात्र शिट्टी वाजली. आमच्या डाउटीने धक्का दिला म्हणे. ०.६ सेकंद बाकी, तीन फ्री थ्रो, तिन्ही आत. ६३-६२. शिट्टी मिळायची ती मिळाली नाही, नको तेव्हा मिळाली. याला नशीब नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? रिवाना, तुम्ही व्हर्जिनियाचे असून खरं बोललात, तुमचं कौतुक.

पॉइंटगार्ड_डेक्कन

डबल ड्रिबल सुटला, मान्य. पण क्लिप दोन सेकंद मागे न्या. तुमच्या ब्राउनने जेरोमचा शर्ट धरलेला दिसतो. तोही सुटला. आणि गायच्या शॉटवर डाउटी त्याच्या अंगाखाली गेला होता, उतरायला जागाच ठेवली नव्हती. तो फाउल शंभरातल्या ९९ पंचांनी दिला असता.

ऑबर्नकर

आम्हाला शंभरावा हवा होता.

नागपूरकाका

शेवटच्या सेकंदाला फाउल देऊ नये हा विचारच चुकीचा. मी पाच वर्षं जिल्हा पातळीवर शिट्टी फुंकलीय. तिसऱ्या मिनिटाला जो फाउल तो चाळिसाव्यालाही फाउल. मात्र डबल ड्रिबल सुटणं हे पंच म्हणून लाजिरवाणं. एका फायनलला माझ्याकडूनही सुटला होता. हरलेल्या संघाचा मॅनेजर पुढची दोन वर्षं इतवारीत दिसला की फुटपाथ बदलायचा.

रिवानाकाठचा

ऑबर्नकर, त्या संध्याकाळची आमच्याकडची बाजू सांगतो.

कालनिर्णयाप्रमाणे ६ एप्रिलला शनिवारी पाडवा होता. मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये. स्टेजवर बालगोपाळांचं लेझीम, आणि मागच्या दाराशी आम्ही दहा-बारा पुरुष एका फोनभोवती. जेवायला बसायची हाक दोनदा आली, कोणी हललं नाही. त्या शेवटच्या शॉटला फोनचं चित्र अडकलं, गोल गोल फिरायला लागलं. पुन्हा आलं तेव्हा काइल गायने शर्ट वर ओढून तोंड झाकून घेतलेलं. आम्हाला वाटलं संपलं. सगळे माना खाली घालून गप्प. तेवढ्यात एक काकू बाहेर आल्या, आमचे चेहरे बघितले आणि हळूच विचारलं, 'भारतातून फोन आला का? कोण गेलं?'

गायने पुढे सांगितलं की तो काही रडत नव्हता, एकाग्र होत होता. तिन्ही आत गेले. काकूंना वाटलं आम्हाला वेड लागलं.

आणि हा गाय कोण? वर्षभर त्याने फोनवर फोटो कुठला ठेवला होता, तर यूएमबीसीची पोरं नाचतायत आणि हा वाकून उभा आहे तो. चिंतेचा त्रास आहे, औषधं घेतो, हेही त्याने उघडपणे लिहिलं होतं.

बाल्टिमोरची_बाय

हे मला आवडलं. आमचा नाच त्याच्या फोनवर होता हे त्या रात्री माहीत असतं तर जरा बरा नाचलो असतो.

तळटीपकर

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाकडे कोणीच वळत नाहीये, म्हणून मी वळतो. तुमचा मुद्दा असा: २०१७-१८ हा कर्तबगारीचा, २०१८-१९ नशिबाचा. बरं. मग १ मार्च २०१८, लुइव्हिल, आठवतो का?

व्हर्जिनिया चारने मागे, ०.९ सेकंद बाकी. जेरोमला थ्री टाकताना फाउल मिळाला, पहिले दोन आत. तिसऱ्यावर तुमच्याच माणसाने रेषा ओलांडली, बॉल लुइव्हिलकडे. सामना संपला. पण बॉल आत देणारा त्यांचा खेळाडू बेसलाइनवर सरकला, जे करायला परवानगी नव्हती. बॉल परत तुमच्याकडे. हंटरने धरला, फेकला, बोर्डला लागून आत. ६७-६६. एका सेकंदाच्या आत पाच पॉइंट.

त्या १७-१ मधला हा एक. नशीब २०१९ला नव्याने आलं नव्हतं. आदल्या वर्षीही त्याच घरात मुक्कामाला होतं, फक्त यूएमबीसीच्या रात्री बाहेर जेवायला गेलं होतं.

सोलापुरी_शेंगाचटणी

धागाकर्ते, पाणी आणू का?

देशपांडे_डेटावाली

तळटीपकर, टोपी काढली.

यात एक खेळाचा मुद्दाही घालते. २०१८चा संघ बचावात अफाट, आक्रमणात बरा. हारीनंतर बेनेट यांनी बचाव तसाच ठेवला आणि आक्रमण बदललं. आधी दोन उंच खेळाडू भिंत बनून उभे, बाकीचे तिघे त्यांच्याभोवती पळून मोकळे होणार, एवढंच होतं. २०१८-१९ला बॉल असलेल्याला पडदा देऊन (म्हणजे त्याच्या अंगावरच्या बचाववाल्याची वाट अडवून) सतत पिक अँड रोल, जेरोम आणि क्लार्क यांच्या हातात जास्त बॉल. त्या वर्षी आक्रमणातही ते देशात अगदी वरच्या रांगेत होते. म्हणजे हाच संघ, पण दुसऱ्या वर्षी घराला दोन दारं होती. माझं मत २०१९ला.

नागपूरकाका

माझंही २०१९ला. पहिल्याच सामन्यात गार्डनर-वेबसारख्या सोळा नंबरवाल्यासमोर १४ने मागे पडले होते ना? समोर परत तेच भूत. त्या वेळी पाय लटपटले नाहीत, ७१-५६ जिंकले. मला तो सामना फायनलपेक्षा मोठा वाटतो.

ब्लॅक्सबर्गचे_आबा

माझं मत १९८२ला. दरवर्षी.

पॉइंटगार्ड_डेक्कन

फायनलबद्दल कोणीच बोललं नाही, गंमत आहे. टेक्सस टेक, जादा वेळ, ८५-७७. ज्याचं मनगट मोडलं होतं त्या हंटरने २७ काढले आणि शेवटच्या बारा-एक सेकंदांत कोपऱ्यातून थ्री टाकून ६८-६८ केलं तेही त्यानेच.

आणि माझ्या लाडक्या किहाय क्लार्कचं पुढचं सांगू की नको? सांगते. पाच वर्षं खेळला तो. शेवटच्या वर्षी, १६ मार्च २०२३, तारीख बघा, फर्मन नावाच्या तेराव्या मानांकनाविरुद्ध. दोनने पुढे, काही सेकंद बाकी, कोपऱ्यात दोघांनी घेरलं. त्याने बॉल उंच फेकून दिला. समोरच्याने धरला, पास, थ्री, ६८-६७, हरले. ज्याच्या पासने कपाचा रस्ता उघडला त्याच्याच पासने दार बंद. ही क्लिप मी मुलींना दाखवत नाही.

शंकेखोर

मला आता नाद लागलाय. मग २०२०ला काय झालं? कप राखला का?

रिवानाकाठचा

२०२०ला कोविड, स्पर्धाच झाली नाही. त्यामुळे आम्ही एका कपात दोन वर्षं गतविजेते. त्यानंतर आजवर... जाऊ दे.

बाल्टिमोरची_बाय

दादा, एक गोष्ट तुम्ही धाग्यात अजून लिहिली नाहीत. मी २० प्रतिसाद वाट बघतेय. लिहू?

रिवानाकाठचा

लिहा. मुद्दामच ठेवली होती, बघत होतो कोण काढतं.

बाल्टिमोरची_बाय

मंडळी, टोनी बेनेट ऑक्टोबर २०२४मध्ये सीझन तोंडावर असताना निवृत्त झाले. आताच्या पैशांच्या आणि दरवर्षी कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंच्या व्यवहाराला आपण योग्य माणूस नाही, असं सांगून. त्यांच्या जागी मार्च २०२५मध्ये व्हर्जिनियाने कोणाला आणलं असेल? रायन ओडम. यूएमबीसीचे तेव्हाचे कोच! ज्यांनी १६ मार्चला हे केलं तेच.

वर आणखी ऐका. त्यांचे वडील ऐंशीच्या दशकात व्हर्जिनियातच साहाय्यक कोच होते आणि रायन लहानपणी तिथे बॉलबॉय होते. म्हणजे त्या रात्री घर लुटणारा घरातलाच होता.

सोलापुरी_शेंगाचटणी

ज्याने दरोडा घातला त्यालाच तिजोरीची किल्ली. लग्न जमवून टाकलं एकदम.

ऑबर्नकर

आता त्या दिवशीचे तीन पंचही तिकडेच नोकरीला घ्या, म्हणजे वर्तुळ पूर्ण.

वेस्ट_लाफायेटवाला

आम्हाला फेअरली डिकिन्सनचा कोच आणायची आयडिया देऊ नका कोणी.

रिवानाकाठचा

अहो, ओडम यांच्यावरूनच तर जेवणाच्या टेबलावर विषय निघाला होता.

तर लुइव्हिलच्या सामन्यावर माझ्याकडे उत्तर नाही, तळटीपकर. तो सामना मी बघितला होता, नाचलोही होतो. त्या वेळी नशीब हा शब्द एकदाही तोंडात आला नाही. २०१९ला मोठा म्हणायला मी अजून तयार नाही, पण 'नशीब' हा माझा मुद्दा मागे घेतो. सोमवारी टेबलावर काय सांगायचं ते बघतो.

मिनीमावशी

ते सगळं राहू दे. पहिल्या पोस्टपासून माझा जीव टांगणीला लागलाय. त्या चक्क्याचं काय झालं?

रिवानाकाठचा

मावशी, विसरलोच. बायको लवकर झोपली होती, काढून फ्रीजमध्ये ठेवायचं काम माझ्याकडे होतं. शनिवारी सकाळी दहाला लक्षात आलं. आंबट ढाण. साखर वाढवली, वेलदोडा वाढवला, केशर होतं नव्हतं ते सगळं घातलं आणि रविवारी पाहुण्यांना वाढलं. त्यात दोघं व्हर्जिनियाचे होते. कोणी एक शब्द बोललं नाही, सगळ्यांची तोंडं आधीच तशी झालेली.

मिनीमावशी

हीटर चालू असलेल्या घरात रात्रभर चक्का बाहेर? चाळणीत फडकं घालून, खाली पातेलं ठेवून थेट फ्रीजमध्ये ठेवायचा, वर वरवंटा नाहीतर पाण्याची बाटली. सकाळपर्यंत घट्ट होतो आणि सामना बघायला माणूस मोकळा.